टांगानिकातला मिरग

१२ फेब्रुवारी १९६२, धामणगाव बढे

अष्टग्रही आली तशी गेली. जग बुडालं नाही. आमच्या घरातल्या बायकांनी मात्र पाच दिवस देवासमोर ठाण मांडून स्वयंपाकाचा पार बट्ट्याबोळ केला. रुक्मिणीबाई, म्हणजे आमची मंडळी, अजूनही म्हणते की तिच्या उपासाने जग वाचलं. वाचलं असेल. माझं पित्त मात्र त्या उपासाच्या साबुदाण्याने खवळलं.

आज उद्धवला मलकापूरच्या स्टेशनवर गाडीत बसवून आलो. मुंबईहून बोट, आणि बोटीने आफ्रिकेत टांगानिका. गाडी सुटली तेव्हा मला त्याचा चेहरा नीट दिसला नाही. धुरामुळे नव्हे, डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला आहे. ही वहीसुद्धा मी पुठ्ठ्याची पट्टी ठेवून, बोटाएवढ्या अक्षरांत लिहितो. लिहिलेलं मलाच परत वाचता येत नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण उरलेलं नाही.

कशासाठी हा खटाटोप, ते एकदा लिहून ठेवतो. सरकारने जमिनीवर कमाल मर्यादेचा कायदा आणला. म्हणजे यापुढे आपल्या जिल्ह्यात कोणाची जमीन वाढायची नाही. मला वाढवायची आहे. माझ्या बापाने वाढवली, त्याच्या बापाने वाढवली. खामगावच्या जिनवाल्या शेठच्या धाकट्या भावाची टांगानिकात दोनशे एकरं सरकारी भाडेपट्ट्याने होती आणि त्याला मायदेशी परत यायचं होतं. मी नाल्यापलीकडची सतरा एकरं त्यांना दिली, त्यांनी तिकडचा पट्टा उद्धवच्या नावे करून दिला. सतरा एकरं रोज डोळ्यासमोर होती. दोनशे मी कधी पाहणार नाही. गावात सगळे म्हणतात, भगवंतरावांचं डोकं फिरलं.

पट्ट्याला अट एकच आहे. पुढच्या वर्षीच्या जूनच्या आत शंभर एकरं पिकाखाली दिसली पाहिजेत. तिकडचा अधिकारी येऊन मोजणार. नाही दिसली तर पट्टा रद्द आणि जमीन परत सरकारजमा. बियाणं तिकडचं कापसाचं जिन देतं, तेही एकदाच. म्हणजे एक पेर. ती साधली तर साधली.

सूनबाई शैलजा आणि तिची तीन वर्षांची शारदा इथेच राहतील. पहिलं पीक हाती आलं की तिला पाठवीन, असा शब्द दिला आहे. स्टेशनवर ती रडली नाही. बुलढाण्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेली आहे, रडतानाही विचार करत असेल.

२६ मार्च

पहिलं पत्र आलं. निळा पातळ कागद, मुंगीएवढं अक्षर. मला नुसता निळा डाग दिसला. शैलजाने वाचून दाखवलं. आता हेच चालणार. तो लिहील, ती वाचेल, मी सांगेन, ती लिहील.

तिकडे रोज पाऊस पडतो आहे म्हणे. ऐन फाल्गुनात! मी सांगितलं, "लिही त्याले, अवकाळी कुठंबी पडते. त्याच्या भरवशावर राहू नको. वखरणी करून जमीन तापू दे."

शैलजा थांबली. म्हणाली, "मामाजी, ते लिहितात की पाऊस महिना-दीड महिन्यापासून लागून आहे."

"मंग मोठी अवकाळी," मी म्हणालो.

१९ एप्रिल

धाकटे शेठ आले आणि सोबत डालड्याच्या डब्यात तिकडची माती आणली. उद्धवनेच पाठवली, मी सांगितलं होतं म्हणून.

अख्खी दुपार त्या मातीशी बसलो. चिमूटभर जिभेवर ठेवली, खारट नाही. पाणी घालून मळली, वळी केली, अंगठ्यावर गुंडाळली तरी तुटली नाही. उन्हात ठेवली तर भेगा अशा पडल्या जशा वैशाखात आमच्या गोठाणाच्या वावराला पडतात. रोहिणखेडचे उकंडराव, माझे लहानपणापासूनचे स्नेही, आले होते. त्यांच्या हातात एक ढेकूळ माझ्या वावराचं दिलं, एक तिकडचं. म्हटलं, ओळखा.

"दोन्ही तुमचेच आहेत ना," उकंडराव म्हणाले.

माझी दोन महिन्यांची धाकधूक त्या एका वाक्याने बसली. माती एक, तर शेती एक. समुद्र मध्ये आहे म्हणून काय झालं?

अखजीचा दुसरा दिवस

काल अखजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया. जळगाव जामोदकडे भेंडवळला घट मांडतात आणि लोक दहा-दहा कोसांवरून भाकीत ऐकायला जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझे आजोबा तिथलं पाहून आपल्याच वावरात लहानसा घट मांडायचे. मीही मांडतो. मधोमध खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं, त्यांच्यावर पाण्याची घागर, भोवती गोलात अठरा धान्यं. चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने: जेठ, आषाढ, श्रावण, भादवा. रात्रभर तिथे कोणी फिरकायचं नाही. सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त.

यंदा मी दोन घट मांडले. एक आपल्या मातीचा. दुसरा, दहा हात सोडून, डालड्याच्या डब्यातल्या मातीची ढेकळं करून.

आज सकाळी हातांनी चाचपून पाहिलं. टांगानिकाचं जेठाचं ढेकूळ चांगलं ओलं, आषाढाचं तर हातात विरघळलं. श्रावण मध्यम, भादवा बरा. सरकीचा दाणा जागचा हलला नव्हता, म्हणजे कपाशी साधणार. मी वावरातच खाली बसलो आणि डोळ्यांना पदर लावणाऱ्या बायकांसारखा रडलो. उद्धवशिवाय कोणाला सांगावं असं वाटलं नाही, म्हणून इथे लिहितो.

९ मे

पत्र सांगितलं. "जेठ-आषाढात पाऊस जोरात. मिरग लागायच्या आधी शंभर एकरांत कपाशीची धूळपेर कर. बियाणं कोरड्या मातीत पडलं पाहिजे, वरून पाणी आलं की पऱ्हाटी एका दमात निघते."

शैलजाची लेखणी थांबली. "मामाजी, एक विचारू? भूगोलात होतं की विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे असतात. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. तिकडे जूनच्या मिरगात पाऊस नसेल तर?"

"भूगोल वाचून पऱ्हाटी उगवत नाही, सूनबाई. नक्षत्र आकाशात असते. आकाश काय बुलढाणा जिल्ह्याचं वेगळं आणि टांगानिकाचं वेगळं आहे?"

तिने लेखणी पुन्हा शाईत बुडवली. पोर हुशार आहे, पण शाळेने जरा बिघडवली.

२७ मे

डोकं ठणकतं आहे. उद्धवचं उलट पत्र! आयुष्यात पहिल्यांदा. लिहितो, इथले जुने शेतकरी सांगतात की वैशाखानंतर इथे सहा महिने थेंब पडत नाही, पाऊस मार्गशीर्षात लागतो, पेर पौषात होते; बाबा, आता टाकलेलं बियाणं मुंग्या खातील.

हा माझा मुलगा! चार दिवस परक्या मुलखात राहिला आणि बापाला पेरणी शिकवतो. पौषात पेर! पौषात आमच्याकडे तुरी काढतात. कोणीतरी त्याला फसवतं आहे. त्याची पेर चुकवायची, पट्टा रद्द करायचा आणि जमीन गिळायची, हा डाव मला इथे बसून दिसतो आणि त्याला तिथे उभं राहून दिसत नाही.

मी सांगितलं, शैलजा लिहीत गेली. "पत्र भेटताच पेर. एक दिवस पुढे ढकलू नको. माझ्या शब्दाबाहेर गेलास, तर या घराचा उंबरा तुले बंद. बाप मेला असं समज." रुक्मिणीबाई आतून ओरडली, "अवो, असं अभद्र काऊन बोलून राह्यले?" मी तिलाही गप्प केलं.

शैलजा लिहायला फार वेळ लावत होती. मी चार वाक्यं सांगितली, तिने दोन्ही बाजू भरल्या. विचारलं तर म्हणाली, "अक्षर मोठं काढलं, मामाजी." मग माझं बोट धरून कागदाच्या तळाशी ठेवलं. तिथे मी सही केली.

२० जून

उद्धवचं पत्र. शैलजाने वाचलं: "आपल्या आज्ञेप्रमाणे शंभर एकरांत पेर केली. पाऊस झाला. उगवण चांगली आहे."

मी पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा आवाज जरा घोगरा होता, सर्दी असेल. रुक्मिणीबाईने देवाला गूळ ठेवला. मी तर पाटलांच्या ओट्यावर जाऊन मुद्दाम तास-दीड तास बसलो आणि कोणी विचारलं नसताना सगळं सांगितलं.

पोराला दरडावलं ते बरंच झालं. दोन शब्द जास्त झाले, तेवढे मनाला लागून राहिले आहेत.

१६ जुलै

तिकडे पऱ्हाटी चार पानांवर. इकडेही चार पानांवर. ओळींमधलं तण काढायची डवरणी इकडे परवा झाली, तिकडेही त्याच सुमारास. मी शैलजाला म्हटलं, पाहिलंस, माती एक तर सगळं एक. ती "हो मामाजी" म्हणाली आणि शारदाला घेऊन वावराकडे गेली. हल्ली ती रोज वावरात जाते. पऱ्हाटीची पानं हाताने धरून पाहते असं आमचा सालदार तुळशीराम सांगत होता. शिकलेल्या पोरीला मातीची गोडी लागली, हेही काही कमी नाही.

१ सप्टेंबर, पोळ्यानंतर

इकडे पऱ्हाटीच्या पातीवर, म्हणजे फुलांच्या कळ्यांवर, अळी पडली. नाल्याच्या बाजूचा तर निम्मा माल गेला. तिकडून पत्र: पाती भरपूर, अळी नाही. मी शैलजाला विचारलं, "किती झाडांमागे किती पाती, लिहिलं काय?" ती अडखळली. म्हणाली, "झाडामागे पंधरा-वीस."

पंधरा-वीस! आपल्याकडे अळी पडायच्या आधी एवढ्याच होत्या.

आनंद झाला. पण आनंदाबरोबर कुठेतरी खडा लागल्यासारखं झालं. काय खुपलं ते कळलं नाही.

१४ सप्टेंबर

उकंडराव खामगावहून आले. धाकट्या शेठची गाठ पडली होती. उकंडरावांनी फुशारकीने सांगितलं, भगवंतरावांच्या पऱ्हाटीला तिकडे पाती लागल्या. तर शेठ हसले. म्हणाले, "ऑगस्टमधे तिकडे गवतबी हिरवं राहत नाय, पाती कशाच्या?"

"हसले म्हंजे कसे हसले?" मी विचारलं.

"हसले म्हंजे... लहान पोरगं काही बोललं की हसतात तसे."

शेठने सतरा एकरं घेतली आहेत. माझं बरं झालेलं त्यांना कसं पाहवेल? असं मी उकंडरावांना सांगितलं. स्वतःला सांगितलं तेव्हा तेवढं पटलं नाही. पत्र लिहवून घेतलं: "पहिल्या वेच्याचा कापूस मूठभर पाठव. त्याची वात करून दिवाळीला देवापुढे लावायची आहे." शैलजाने विचारलं, "पोस्टाने कापूस येतो?" म्हटलं, सोनं येतं, कापूस का येणार नाही?

८ ऑक्टोबर, दसरा

आज पत्र वाचलं गेलं: वेचणी सुरू झाली.

म्हणजे पीक हाती आलं. मी दिलेला शब्द पाळायचा म्हणून शैलजाला बोलावलं. म्हटलं, "पासपोर्टाचे कागद करू. दिवाळी झाली की तू आणि शारदा निघा."

मला वाटलं होतं ती पाया पडेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मामाजी, मी एक वर्ष थांबते."

"काऊन?"

"तुमची पत्रं कोण वाचेल?"

मी म्हटलं, मास्तर वाचतील, पोस्टमास्तर वाचेल. तर घाईने म्हणाली, "नको. घरचं दुसऱ्यानं वाचू नये." आणि आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. रुक्मिणीबाई म्हणते, ती पोर ओच्यात तोंड खुपसून रडत होती. जायला मिळतं म्हणून रडते की जात नाही म्हणून रडते? आठ महिने नवऱ्यापासून दूर राहिलेली बाई आणखी एक वर्ष मागते, हे माझ्या अकलेबाहेरचं आहे.

२८ ऑक्टोबर, दिवाळी

कापूस आला. शैलजाने संध्याकाळी माझ्या हातात पुडी दिली. म्हणाली, पोस्टाने आली.

डोळे गेले तरी बोटं गेलेली नाहीत. चाळीस वर्षं मी कापूस हाताळतो आहे. एक पुंजका काढला, दोन चिमटीत धरून ताणला, सरकीपासून धागा सोडवला. पुन्हा ताणला. लांबी आखूड, टोकाला अशक्त, मध्येच तुटतो. नाल्याच्या बाजूला माझ्या वावरात एक चोपण, खारवट चिकट पट्टा आहे. तिथला कापूस असा निघतो. दुसरीकडे कुठेच नाही. वास घेतला. अळीच्या विष्ठेचा वास होता.

हा कापूस टांगानिकाचा नाही. हा माझ्या बांधावरचा आहे.

पुडी मिटून देवापुढे ठेवली. रुक्मिणीबाईने वात वळली, दिवा लावला. मी हात जोडले. शैलजा माझ्याकडे पाहत होती असं वाटलं. दिसलं नाही, पण कळतं.

३ नोव्हेंबर

सहा दिवस विचार करतो आहे. घरात सगळे चीनच्या लढाईच्या बातम्या ऐकतात, माझ्या डोक्यात वेगळीच लढाई चालली आहे.

पीक नाही. हे नक्की. पेर जळाली असणार. उद्धवने मला कळवलं नाही, आणि सूनबाईला सगळं ठाऊक आहे. माझ्या त्या पत्राला पोरगा घाबरला. उंबरा बंद म्हणालो ना मी? मग तो खोटं लिहिणार नाही तर काय करणार? सतरा एकरं गेली. दोनशे जाणार. आणि तो तिकडे परक्या मुलखात रिकाम्या रानात बसला असेल, घरी यायची हिंमत नाही म्हणून.

की त्याहून वाईट काही? तो आजारी आहे? आहे तरी का? नाही, ते नाही. तिच्या बांगड्या वाजतात. रोज सकाळी मुद्दाम कान देऊन ऐकतो.

उकंडरावांकडून तारेचा फॉर्म भरून घेतला: "जमीन सोड. ताबडतोब परत ये. बाबा." पोस्टात द्यायला निघालो होतो. उंबऱ्यावर थांबलो. मी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या डोळ्यांनी एकच निर्णय घेतला, हा पेरणीचा, आणि त्यातच फसलो. आता दुसराही तसाच घेऊ? डिसेंबरात बुलढाण्याला डोळ्यांचं शिबिर आहे. आधी एक डोळा उघडतो. एक पत्र स्वतः वाचतो. मग तार.

फॉर्म कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आहे.

१० जानेवारी १९६३

मधली पानं कोरी गेली. डोळ्यावर पट्टी होती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस डोकं हलवायचं नाही म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. माझ्यासारख्या माणसाला न हलता, न बोलता आठ दिवस! डॉक्टर म्हणाले, चष्मा महिनाअखेर मिळेल. तोवर सगळं धुक्यात.

या काळात शैलजा माझ्या उशाशी बसून होती. मला खिमट भरवलं, तोंड पुसलं. मी तिच्याशी धड बोललो नाही. खोटं बोलणाऱ्या हाताने भरवलेलं घशाखाली उतरत नव्हतं. ती विचारायची, "मामाजी, दुखते काय?" मी म्हणायचो, हो.

२ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी उकंडरावांबरोबर बुलढाण्याला जाऊन चष्मा घेतला. बाटलीच्या बुडासारखी भिंगं. घातला आणि पहिल्यांदा उकंडराव दिसले. केवढे म्हातारे झाले आहेत! तेही मला तेच म्हणाले. गावात एस.टी.तून उतरलो तर स्टँडवरच पोस्टमन भेटला. "भगवंतराव, निळं पत्र आहे."

मी चष्मा घातला, पत्र चिरलं आणि लिंबाखालच्या कट्ट्यावर बसून वाचलं. उद्धवचं अक्षर एक वर्षाने पाहिलं. पत्र मला नव्हतंच. पत्ता माझा, आत नाव तिचं.

'शैलजा, तुला आनंदाची बातमी. मार्गशीर्षात पाऊस लागला आणि पौषाच्या सुरुवातीला पेरलं. उगवण एवढी दाट की विरळणी करावी लागते आहे. परवा अधिकारी आला, एकशे बारा एकरं मोजून वहीत लिहून गेला. अटीतून आपण सुटलो. जमीन आता आपली राहिली.

'गेल्या जूनमध्ये बाबांच्या सहीचं पत्र आलं तेव्हा मी पेरायला निघालो होतो. माणसं सांगून ठेवली होती. बाबांचा शब्द मी कधी मोडला नाही, तोही मोडला नसता. त्याच कागदावर तू लिहिलं होतंस ना, की वर सांगितलं ते बाबांचं, आता माझं ऐका, बियाणं कोठीत ठेवा, इकडचं मी पाहते. तू ते लिहिलं नसतंस तर आज मुंग्यांनी खाल्लेल्या रानात बसलो असतो.

'पण तू तिकडे कशी पाहतेस, ते मला माहीत आहे. माझं न उगवलेलं पीक तू सात महिने वाचून दाखवते आहेस. बाबांनी दिवाळीला तुला पाठवायचं म्हटलं आणि तू नको म्हणालीस हे वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. शारदा आता काय काय बोलते ते लिही. बाबांचा डोळा कसा आहे? त्यांना हे कसं सांगायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.'

एवढंच. मी ते चार वेळा वाचलं. शेजारी उकंडराव बसले होते. खिशातला तारेचा फॉर्म छातीला टोचत होता. नोव्हेंबरात तो गेला असता तर पाऊस लागायच्या आधी उद्धव बोटीत बसला असता. मीच माझ्या हाताने जमीन बुडवली असती, तीही दोनदा. मे महिन्यात एकदा आणि नोव्हेंबरात एकदा.

घरी आलो. चष्मा खिशात. राग होता का? होता, खोटं कशाला लिहू. घरातली पोर माझ्या सहीवर आपला मजकूर लिहिते! आणि रागाखाली लाज होती, ती रागापेक्षा मोठी होती. काय करावं ते न कळून मी तिच्या हातात पत्र दिलं आणि नेहमीसारखा खुर्चीत बसलो. "वाच."

ती दारातल्या उजेडात उभी राहिली. मला आकृती दिसत होती. पत्र तिने मनात वाचलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. मग तिने घसा साफ केला. "तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. इकडील क्षेम. पहिला माल जिनात घातला. आता दुसऱ्या पिकाची पेर केली असून ती... ती चांगली..."

तिचा आवाज फुटला. आनंदाची बातमी हातात, आणि ती मोठ्याने वाचायची सोय नाही.

मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. उठलो, तिच्या हातातून पत्र घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. "शैलजा, तुला आनंदाची बातमी."

ती उंबऱ्यावर बसली. मी थांबलो नाही, शेवटपर्यंत वाचलं. रुक्मिणीबाई पिठाच्या हातांनी बाहेर येऊन उभी होती. शारदा अंगणात कोंबड्यांमागे पळत होती.

"दिवाळीचा कापूस नाल्याकाठच्या पट्ट्यातला होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "तिथलाच अळीतून उरला होता. चांगला घरात नव्हता."

"मले सरळ सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं काय?"

सासऱ्याचं मन राखायला सून अशा वेळी 'हो' म्हणते, तीही म्हणेल असं वाटलं होतं. तिने पदर नीट केला, वर पाहिलं आणि म्हणाली, "नाही, मामाजी."

"नाही," मी म्हणालो. "नसतं ऐकलं."

मग मी तारेचा फॉर्म काढून तिच्या हातात दिला. तिने वाचला. तिचा चेहरा मला या चष्म्यातून पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो तेव्हा, आणि वर्षभरात ती किती वाळली आहे तेही. मला रडू आवरलं नाही. तीही रडली, आणि रुक्मिणीबाईने पिठाचे हात आम्हा दोघांच्या डोक्यांवर ठेवून दोघांनाही पांढरं केलं.

४ फेब्रुवारी

उद्धवला पत्र मी स्वतः लिहिलं. अक्षर सवयीने बोटाएवढं येतं, त्यामुळे एका कागदात चारच ओळी बसल्या. 'घराचा उंबरा उघडा आहे. तो शब्द माझ्याकडून वाईट गेला. तिकडचं तुला कळतं, तुझ्या मनाने कर. शैलजा आणि शारदा येत आहेत.'

१७ एप्रिल

उद्या त्या दोघी निघणार. मलकापूरपर्यंत मी जातो आहे. या वेळी गाडी सुटताना चेहरे दिसतील.

संध्याकाळी शैलजाला जवळ बसवलं. डालड्याच्या डब्यात अजून थोडी माती आहे. म्हटलं, "दहा दिवसांनी अखजी. मी दोन घट मांडणार आहे."

ती घाबरून माझ्याकडे पाहायला लागली.

"घाबरू नको. पत्रात काही लिहिणार नाही. नुसतं आपलं आपल्यापाशी. पण ढेकळांची नावं सांग. तिकडचे पावसाचे चार महिने कोणते?"

तिने माझ्या वहीतली पुठ्ठ्याची पट्टी उचलली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. मी एकेक नाव मोठ्याने वाचलं. शेवटच्या नावाशी थांबलो. फाल्गुन. गेल्या वर्षीच्या पहिल्याच पत्रात तो पाऊस होता.

"मोठी अवकाळी," मी म्हणालो, आणि ती हसली.